एक हजार सत्तर ग्रॅम

"हलक्या लॅपटॉपांचा माझ्याइतका अभ्यास या ठाणे जिल्ह्यात कोणीही केलेला नाही, आणि करण्याची कुवतही कोणात नाही!" असे डॉ. रवींद्र कारखानीस यांनी नवरात्राच्या सातव्या माळेला, उपासाच्या थालीपिठाचा दुसरा तुकडा मोडता मोडता जाहीर केले. दुर्दैव असे की ते खरे होते.

सात महिने हा अभ्यास चालला होता. निमित्त होते रवींद्ररावांचा डावा खांदा. जुना लॅपटॉप चार्जरसह तीन किलोंच्या घरात जात असे. तो खांद्याला अडकवून सोळा वर्षे त्यांनी दफ्तरखाने पालथे घातले, खाडीकाठच्या मिठागरांच्या नोंदी उतरवल्या, आणि निवृत्तीच्या वेळी मानपत्राबरोबर एक कायमचा आखडलेला खांदा घरी आणला. डॉक्टरांनी सांगितले, "एक हलकासा घ्या, रोजच्या वापराला." सामान्य माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात गेला असता. रवींद्ररावांनी वही आखली.

एक्केचाळीस यंत्रे. प्रत्येकासमोर कंपनीने छापलेले वजन, आणि त्यासमोर कंपनीने लपवलेले वजन. कारण रवींद्ररावांना पहिल्याच आठवड्यात शोध लागला होता, की 'अवघे सातशे ऐंशी ग्रॅम' या ठळक अक्षरांच्या खाली मुंगीएवढ्या टायपात 'कीबोर्ड वगळून' असे लिहिलेले असते. ज्या माणसाने हयातभर तळटिपा लिहिल्या, त्याला तळटिपेत फसवावे! त्यांनी त्या कंपनीला दीड पानी पत्र पाठवले. उत्तरादाखल कंपनीने त्यांना एका सवलतीची जाहिरात पाठवली.

"अहो, एवढा विचार लग्नाच्या वेळी केला नव्हता तुम्ही," मायाताई म्हणाल्या.

"त्या वेळी वजन हा निकष नव्हता!"

मायाताईंनी थालीपिठावर दह्याची वाटी जरा जोरात ठेवली.

निकड मात्र खरी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, कल्याणच्या एका जुन्या वाचनालयात त्यांचे व्याख्यान होते. ते रंगले तर पुढच्या वर्षीची तीन दिवसांची व्याख्यानमाला त्यांना मिळणार होती. अकरा वर्षे ते त्या मालेची वाट पाहत होते. अर्थात, आपण वाट पाहतो आहोत हे कोणाला कळणार नाही अशा बेताने.

आणि त्या वाचनालयात एक नियम होता. तोही इथेच सांगून टाकायला हवा. दोन वर्षांपूर्वी तिथे एका वक्त्याने पडद्यावर चित्र आणण्याच्या खटपटीत पस्तीस मिनिटे घालवली होती. श्रोत्यांत बसलेल्या रवींद्ररावांनी घरी येऊन कार्यकारिणीला चार पानी पत्र लिहिले. त्यात शिवी एकही नव्हती. वाचणाऱ्याला ती असती तर बरे वाटले असते. पत्रासोबत नियमाचा तयार मसुदाही होता, आणि कार्यकारिणीने घाबरून तो जसाच्या तसा मंजूर केला: 'यंत्र चालले नाही ही सबब वक्त्याच्या अज्ञानाचा पुरावा समजण्यात येईल. अशा वक्त्यास पुनश्च निमंत्रण दिले जाणार नाही.' 'पुनश्च' हा शब्द त्यांना विशेष आवडला होता.

आठव्या माळेला ते नौपाड्यातल्या दुकानात शिरले. काखेत वही, आणि पिशवीत मायाताईंचा हुकाचा वजनकाटा. रद्दीवाल्यावर लक्ष ठेवण्यासाठी त्यांनी तो घेतला होता.

"सर, हे काय?" काउंटरवरच्या अक्षदाने विचारले.

"मूळ साधन," रवींद्रराव म्हणाले. "छापील मजकुरावर माझा विश्वास नाही."

"पण सर, प्रोसेसर बघा ना! बॅटरी बघा, स्क्रीन बघा. हा टू-इन-वन आहे, स्क्रीन सुटा होतो, टॅबलेटसारखा वापरा. टच आहे, पेन आहे…"

"वजन!"

अक्षदाने मुकाट्याने यंत्र आणून दिले. रवींद्ररावांनी ते कापडी पिशवीत घालून हुकाला टांगले. शेजारी फ्रिज बघणारे एक कुटुंब फ्रिज सोडून इकडे बघू लागले. पडदा सातशे ऐंशी. कीबोर्ड दोनशे नव्वद. एकूण एक हजार सत्तर ग्रॅम! वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा. सात महिन्यांत प्रथमच रवींद्रराव हसले.

"कव्हर देऊ, सर? ओरिजिनल आहे."

"किती?"

"अठराशे रुपये."

"ग्रॅम विचारतोय मी."

कव्हर एकशे नव्वद ग्रॅम भरले आणि तात्काळ बाद झाले. पेनड्राइव्हही बाद झाला. अकरा ग्रॅमचा अविश्वास सोबत कशाला वागवायचा! फाइलची एक प्रत इंटरनेटवर ठेवा, असेही अक्षदाने सुचवले. आपले धान्य परक्याच्या कोठारात ठेवण्याची आपल्याला सवय नाही, असे तिला सांगण्यात आले.

"इतका हलका आहे हा, अक्षदाताई," निघताना रवींद्रराव दिलदारपणे म्हणाले, "की पिशवीत आहे की नाही हेसुद्धा कळणार नाही!"

हे वाक्य त्यांना पुढे बरेच दिवस आठवत राहिले.

कव्हर मायाताईंनी घरीच शिवले. जुन्या निळ्या पडद्याचे कापड, आत गोधडीचा एक थर, वर नाडी. ते पाहून सहा वर्षांची नात सान्वी हटून बसली, "माझ्या पाटीला पण असंच हवं!" सान्वीची पाटी म्हणजे आजकालची प्लास्टिकची नव्हे, मायाताईंनी लांज्याच्या माहेराहून मुद्दाम आणलेली, लाकडी चौकटीची खरी दगडी पाटी. कापड उरले होते. दुसरे कव्हर शिवून झाले.

दसऱ्याला सान्वीने पाटीवर एकाचे आकडे ओळीने जोडून सरस्वती काढली. मायाताईंनी पाट मांडला. पाटी, पुस्तके, विळी, शिवणकामाची कात्री, आणि रवींद्ररावांचे नवे यंत्र.

"हे कशाला?" रवींद्ररावांनी विचारले. "ते विद्युत उपकरण आहे."

"तुमचं हत्यार आहे ना? मग ठेवायलाच हवं. आणि आज हात लावायचा नाही हं. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली, की मगच."

या प्रथेच्या उगमावर रवींद्ररावांचा एक निबंध प्रसिद्ध होता, आणि त्यात प्रथेची बाजू फारशी उरली नव्हती. पण मायाताईंच्या हातात कुंकवाचा करंडा असताना ते निबंधातली मते मांडत नसत. कीबोर्ड पाटावर मावत नव्हता; तो त्यांनी तेव्हाच पिशवीत ठेवून दिला. पडद्याला हळद लागली, कुंकू लागले, झेंडूचे फूल वाहिले गेले. व्याख्यानाची चौऱ्याऐंशी चित्रे त्याच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाताईंनी अक्षता टाकून पाट हलवला, यंत्र पुसले, पाटी मात्र न पुसता तशीच ठेवली, दोन्ही वस्तू आपापल्या निळ्या कव्हरांत घातल्या, नाड्या बांधल्या आणि टेबलावर ठेवल्या. पाटीला फडके लावले असते तर सान्वी रडली असती.

रवींद्ररावांनी एक निळे कव्हर उचलून पिशवीत ठेवले. आता इथे कोणीही नाडी सोडून आत पाहिले असते. परंतु रवींद्रराव संशोधक होते! त्यांनी काटा आणला. पिशवी, पडदा, कव्हर, कीबोर्ड, चार्जर, टिपणे यांची वजने वहीत होतीच. बेरीज एक हजार नऊशे वीस यायला हवी होती. काट्याने एक हजार नऊशे सव्वीस दाखवले.

"सहा ग्रॅम जास्त!" ते पुटपुटले. क्षणभर विचार केला. मग चेहरा उजळला. "हळद-कुंकू!"

आणि वहीत तसे टिपून, समाधानाने, ते कोलशेतच्या घरून रिक्षाने कल्याणला निघाले.

वाचनालयाचे कार्यवाह गुणाजी भोईर दारातच उभे होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस. आवाज अजून भोंग्याशी स्पर्धा करणारा.

"या सर, या! यंत्रबिंत्र जोडून बघता ना? तुमच्या नियमात वीस मिन्टं आधी लिवलंय."

"जोडणे हे दोन मिनिटांचे काम आहे, गुणाजीराव. ज्याला येत नाही त्याला वीस लागतात."

सत्तर-ऐंशी माणसे जमली होती. पहिल्या रांगेत कार्यकारिणी. प्रास्ताविक झाले, गुलाबाचे फूल झाले. रवींद्रराव उठले. यंत्रांपुढे अगतिक होणाऱ्या विद्वानांविषयी दोन थंड, नेमकी वाक्ये त्यांनी सुरुवातीलाच बोलून घेतली. श्रोते हसले. मग त्यांनी पिशवीतून कीबोर्ड काढून टेबलावर ठेवला, आणि जादूगाराच्या डौलाने निळ्या कव्हराची नाडी सोडली.

लाकडी चौकट बाहेर आली. मागोमाग सरस्वती आली.

सरस्वतीच्या कपाळावर कुंकू होते. चौकटीच्या फटीत झेंडूची एक पाकळी अडकली होती.

"सर," गुणाजी जवळ वाकून म्हणाले, त्यांचे कुजबुजणे शेवटच्या रांगेपर्यंत गेले, "ही पाटी हाय."

"मला दिसतंय."

"मंग लॅपटॉप कुठं हाय?"

रवींद्ररावांनी मायाताईंना फोन लावला. मायाताईंचा फोन, नित्याप्रमाणे, कपाटातल्या पर्समध्ये वाजत राहिला असावा. रवींद्ररावांनी सवयीने खिसा चाचपला; खिशात अकरा ग्रॅमचे काहीही नव्हते. भिंतीवर, काचेच्या चौकटीत, त्यांचा नियम लावलेला होता. 'पुनश्च' हा शब्द दुरूनही स्वच्छ वाचता येत होता.

"कार्यक्रम फुडं ढकलायचा का?" गुणाजींनी विचारले. "पण नियमात बसत नाय. लय कडक नियम हाय सर, कोणी केलाय कोण जाणे!"

पहिली रांग खोकली.

"व्याख्यान होईल!" रवींद्रराव म्हणाले. खडू नव्हता, फळा दुरुस्तीला गेला होता. कव्हराच्या तळाशी मात्र पेन्सिलीचा एक तुकडा निघाला. बहुधा तोच सहा ग्रॅमचा होता. त्यांनी पाटी पुसायला रुमाल काढला.

"अहो सर, पुसू नका!" तिसऱ्या रांगेतल्या एक बाई ओरडल्या. "कुणा लेकरानं काढलीय ती!"

निबंध लिहिणारा हात थबकला. त्यांनी पाटी उलटी केली.

आणि तिथे खरा अनर्थ झाला. चौऱ्याऐंशी चित्रांशिवाय आपल्याला नक्की काय सांगायचे आहे, याचा विचार रवींद्ररावांनी सोळा वर्षांत केलेला नव्हता. त्यांनी पाटीवर एक वाकडी रेघ काढली. "ही खाडी." तिच्या काठी चौकोन काढले. "ही मिठागरे. भरतीचं पाणी या झडपेतून आत घ्यायचं, इथं अडवायचं, उन्हात आटवायचं. ज्याच्या ताब्यात ही झडप, त्याच्या ताब्यात गाव." गुणाजी पाटी उचलून रांगांमधून फिरले. कोणी म्हणाले, माझा आजा बाळकुमला हेच काम करायचा. कोणी झडपेची जागा चुकली म्हणून दाखवले. ती चुकलीच होती. रवींद्ररावांनी थुंकी लावून ती पुसली आणि बरोबर काढली.

दीड तासाचे व्याख्यान एकवीस मिनिटांत संपले. सोळा वर्षांचे संशोधन पाटीच्या एका बाजूवर मावले होते, आणि कोपऱ्यात जागा उरली होती.

टाळ्या थांबेनात! गुणाजींनी त्यांचा हात धरून, दुखऱ्या खांद्यासकट, गदागदा हलवला. "सर, तुमची तीन भाषणं मी आधी ऐकलीत. आज पयल्यांदा समजलं!"

"आणि… पुढच्या वर्षीची माला?" रवींद्ररावांनी, विषय सहज निघाल्यासारखा, विचारला.

"तुमचीच! मी आत्ताच कमिटीला इचारलं. नियमाचा प्रश्न येत नाय. लॅपटॉप चालला नाय असं कुठं झालं? तो आलाच नाय! फक्त एक अट हाय."

"कोणती?"

"पाटी घेऊन या. तो लॅपटॉप घरीच राहू दे."

रवींद्रराव दुपारी कोलशेतला परतले. अकरा वर्षांची इच्छा पुरी झाली होती, आणि सात महिन्यांच्या अभ्यासाला कोणी विचारत नव्हते. दारातच सान्वी उभी होती. हातात त्यांचा पडदा, चेहऱ्यावर दुकानदाराशी भांडायला निघालेल्या गिऱ्हाइकाचा भाव.

"आजोबा, तुमची ही पाटी खराब निघाली! मी सकाळपासून लिहितेय. कित्ती दाबून लिहिलं तरी पांढरं उमटतच नाही!"

"कशाने लिहिलंस, बाळा?" रवींद्ररावांनी अत्यंत संथ आवाजात विचारले.

"पेन्सिलीने नाही उमटलं. म्हणून आजीच्या कात्रीने."

त्यांनी पडदा खिडकीच्या उजेडात तिरका धरला. एकाच्या आकड्यांची सरस्वती, पाटीवरच्यापेक्षाही रेखीव, काचेत कायमची कोरली गेली होती.

मग आत जाऊन त्यांनी काटा आणला, पडदा हुकाला टांगला आणि वही उघडली.

सातशे ऐंशी. ग्रॅमचाही फरक नव्हता.