रुखवतातलं पीठ

दत्तूभाऊंच्या गिरणीत घड्याळ नव्हतं. दळण किती वेळात होईल, असं विचारलं की ते सांगायचे, "पाच ओळी." म्हणजे त्यांच्या हातातल्या क्रोशाच्या पाच ओळी विणून होईपर्यंत.

कॉलेजसाठी मी जुन्नरला आत्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी बाजरीचा डबा घेऊन तिथे गेले. पट्टा फडफडत होता, सगळीकडे पांढरा धुरळा होता आणि त्या धुरळ्यात पोत्यावर मांडी घालून एक मिशीवाला बाप्या लाल दोऱ्याचा रुमाल विणत होता. मिशी पांढरी, पापण्या पांढऱ्या, रुमाल गुलाबी पडलेला. मी दारातच थबकले. आमच्या डोंगरातल्या गावात बाप्यानं सुई धरलेली मी फक्त पोती शिवतानाच पाहिली होती.

"डबा ठेवा ताई. चावत न्हाई मी," ते म्हणाले. "ह्यो गहू संपला की तुमचीच बाजरी. सात ओळी."

तेवढ्यात आत कुकर वाजला. त्यांनी गिरणीच्या वरताण आवाज काढला, "सोने, दोन झाल्या का तीन?"

"तीन!" आतून पोरगी ओरडली.

ते उठून आत गेले आणि परत आले तेव्हा कडेवर चार वर्षांचा बाळ्या होता, खांद्यावर त्याची ओली चड्डी होती आणि तोंडात क्रोशाची सुई. बाळ्याला पोत्यावर बसवून त्यांनी सोनीच्या दोन वेण्या घातल्या, त्याही आमच्या आत्यापेक्षा सरळ. फक्त हात पिठाचे. त्यामुळे शाळेत जाताना सोनी पुढून सात वर्षांची आणि मागून सत्तरीची दिसायची.

त्यांची बायको घाटघरकडे नर्स होती. शनिवारी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. मधले पाच दिवस डबे, अभ्यास, ताप, जंताचं औषध आणि गिरणी, सगळं दत्तूभाऊंचं. एवढ्यात हा माणूस विणतो कधी आणि मुळात विणतो का, हे मला कळेना.

ते आत्यानं सांगितलं. ते लोकांच्या मुलींची रुखवतं करायचे. तोरणं, मण्यांचे राघू, लोकरीची तुळस, साखरेच्या चौकोनी खड्यांचं ओझरचं देऊळ. लग्नात हे सगळं मांडायचं आणि वर चिठ्ठी लावायची, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेल्या वस्तू'. अर्ध्या जुन्नरला खरं ठाऊक होतं, पण कुणी बोलायचं नाही. दत्तूभाऊ स्वतः लग्नाला जायचे, आपल्याच वस्तूंसमोर उभे राहायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "पोरीचा हात बरा हाय. राघूची मान जरा आखूड झाली."

मी हे ऐकून सुन्न झाले. इतकं खोटं, आणि तेही लग्नात!

पुढे मलाच त्या खोट्यात सामील व्हावं लागलं.

माझ्या मोठ्या बहिणीचं, मंदाचं, लग्न घोडेगावला ठरलं. मुलगा चांगला, सासू मितभाषी. पण मुलाच्या मावशीनं दुसरीच मुलगी सुचवली होती. बोलणी चालू असतानाच ती आईला म्हणाली, "पोरगी रानातली. हाताला काही वळण हाय का? रुखवतात कळंलच म्हना." मंदा शाळेत चौथीपर्यंत गेली, त्यानंतर भातखाचरात. मी कॉलेजात बसले होते ती तिच्या जिवावर. ती पहिल्याच दिवशी सासरी खाली मान घालून शिरणार, या विचारानं आईचा घास उतरेना.

मी दत्तूभाऊंकडे गेले. त्यांनी विणता विणताच ऐकून घेतलं.

"किती दिवस हायेत?"

"बारा."

"लई कमी. आन एक अडचण हाय." त्यांनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सोनीला आवडत न्हाई. शाळेत पोरी चिडवत्यात, तुझा बाप बाई हाय म्हणून. तिच्या मैत्रिणी दळणाला आल्या की मी लोकर पोत्याखाली सारतो." "करू म्हना. ती शाळेत असताना करू."

ते रोज विणलेलं काम सोनी शाळेतून यायच्या आत मागच्या भिंतीवर आपटायचे, पीठ झाडायला. शेवटचं तोरण लग्नाच्या सकाळी पुरं झालं. गाडीची वेळ झाली होती. "आपटू द्या ताई, दोन मिनिटं," ते म्हणत असताना मी ते ओढून पिशवीत कोंबलं. ही चूक माझी.

दत्तूभाऊ दोन्ही पोरांना घेऊन माझ्याबरोबर घोडेगावच्या गाडीत बसले. वाटेत बाळ्यानं साखरेच्या ओझरच्या देवळाचा कळस खाल्ला. दत्तूभाऊंनी तिथे लवंग खोचली.

मांडवात रुखवत मांडलं. बाया वाकवाकून बघत होत्या. शेवटी दत्तूभाऊंनी सुई आणि दोऱ्याचा गुंडाही मध्यभागी ठेवला होता. "सुई दिसली की लोक इश्वास ठेवत्यात," असं त्यांचं मत. मुहूर्ताला तासभर होता.

मावशी आली. तिनं तोरण उचललं आणि झटकलं.

पांढरा ढग उठला. मावशीचं नाक, कुंकू, जांभळ्या शालूचा पदर, सगळ्यावर पीठ. ती तीनदा शिंकली.

"अगं बया! पोरगी भाकरी थापता थापता इनती काय?"

बाया हसल्या. मावशीनं मधली सुई उचलली आणि मंदाच्या हातात दिली. "घे गं. दोन टाके घाल बघू. समद्यांसमोर."

मंदानं सुई धरली, ती खुरपं धरतात तशी. मेंदीखालून तिच्या बोटांच्या भेगा दिसत होत्या. आईनं डोळे मिटले.

"तिला न्हाई येत. म्या केलंय."

मागून आवाज आला तेव्हा मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दत्तूभाऊ पुरुषांच्या बाजूनं उठून सरळ बायांच्या घोळक्यात येत होते, कडेवर बाळ्या. ते खाली बसले, मंदाच्या हातातली सुई घेतली आणि बघता बघता एक फूल विणलं.

बायांनी माना पुढे काढून ते फूल पाहिलं. मग हसण्याचा एकच लोंढा. "बाप्या माणूस!" "आवं, बांगड्या पन भरा की!" सोनी खांबाशी उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"पोरीला रोपं लावता येत्यात," दत्तूभाऊ मावशीला म्हणाले. "दिसभर वाकून. तुमी येक दिस लावून दावा, मंग मी तुमाला इनायला शिकवतो."

आता लग्न मोडलंच, असं मला वाटलं. तेव्हा मंदाची सासू पुढे आली. तिनं ते फूल हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"घरी पोरं कोन सांभाळतं तुमची?"

"मीच."

"सैपाक?"

"मीच."

सासूनं आपल्या मुलाकडे, नवरदेवाकडे पाहिलं. "ह्याला पन शिकवा जरा. अजून चहा उतू घालतोय." मग आपल्या बहिणीला, त्या मावशीला, म्हणाली, "तोंड धू तू. मुहूर्त व्हायचाय." आणि मंदाच्या डोक्यावरचा पदर तिनं स्वतः सारखा केला.

माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून संध्याकाळच्या गाडीनं मी त्यांच्याबरोबरच निघाले. सोनी बापाजवळ बसली नाही. माझ्याशेजारी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. पुढच्या बाकावर दत्तूभाऊ, त्यांच्या खांद्यावर झोपलेला बाळ्या.

"भाऊ, तुम्ही का बोललात?" मी विचारलं.

"तिच्या हाताकडं बघवंना, ताई." मग मागे न वळताच ते म्हणाले, "आन खरं सांगू? अकरा लग्नं झाली. दर बारीला मी गर्दीत हुभा. कुनी म्हनावं, दत्तूनं केलंय. येकदा तरी. कुनी म्हनंना, म्हनून मंग मीच म्हनलो."

"लई मोठ्यानं म्हनलात," सोनी डोळे न उघडता म्हणाली.

दत्तूभाऊंची मान खाली गेली. "लाज वाटली का गं?"

नारायणगाव गेलं. मग सोनी उठली, माझे पाय ओलांडून पुढच्या बाकावर गेली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

जुन्नरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली. कंडक्टर ओरडला, "चला भाऊ, उतरा!"

"जरा थांबा राव," दत्तूभाऊ हळूच म्हणाले. "पोरगी झोपलीया."

मी उभी होते तिथून सोनीचा चेहरा दिसत होता. तिचे डोळे टक्क उघडे होते. दत्तूभाऊ तिच्याचकडे बघत होते.