सत्ताविसाव्या मनोऱ्याची मोहीम

श्री. दिसते तेच आहे की आहे तेच दिसते, हा घोळ ज्याचे ठायी मुळीच नाही, त्या एकदंतास नमन असो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष वद्य चतुर्थी, भृगुवासर, दोन प्रहर टळून घटकाभर झाली असता एका राज्यात जे वर्तले, ते जैसे कळले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले नाही. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. राज्य तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक सज्जा एवढेच. परंतु राज्य ते राज्य. गादीचे धनी सुधन्वाराव त्या दिवशी दक्षिणेच्या मोहिमेवर निघोन विमानात बसले होते आणि त्यांचा फोन बंद, म्हणोन सर्व कारभार एकट्या हर्षदाबाईसाहेबांचे शिरी आला. बाईसाहेब वयाने तिशीच्या, भौतिकशास्त्राच्या पदवीधर, अंगी संकष्टीचा उपवास, आणि स्वभाव ऐसा की दूध उतू जाण्याआधी शेगडीपाशी हजर आणि मूल पडण्याआधी मुलापाशी. त्यांचे एकुलते युवराज कौस्तुभराजे, वय वर्षे पाच, यांचे छातीस दम्याने पहाटेपासोन मोर्चे लाविले होते. श्वासागणिक गळ्याखालचा खळगा आत ओढला जाई आणि बाईसाहेब घड्याळ हाती धरून तो खळगा मोजीत; मिनिटास बेचाळीस भरले. मग बोटास प्राणवायू मोजण्याचा चिमटा लाविला, तो आकडा त्र्याण्णव दाखवू लागला.

मग बाईसाहेबांनी वैद्यराजांस फोन केला आणि वैद्यराज बोलिले की, "घाबरू नका. नेब्युलायझरचा दुसरा डोस द्या. पण मास्क तोंडावर घट्ट बसला पाहिजे, रडारडीत अर्धं औषध हवेत जातं. डोस संपल्यावर आकडा चौऱ्याण्णवच्या वर गेला तर घरीच राहा. नाही गेला, तर वाट बघत बसू नका, सरळ घेऊन या." सरळ घेऊन या हे तीन शब्द ऐकताच बाईसाहेबांनी युवराजांचे मनगटाकडे पाहिले; कारण मागील महिन्यात युवराज चार दिवस रुग्णालयी राहून आले होते, आणि त्यांचे मनगटास सलाईनची सुई टोचली त्या जागेस ते अजून कोणास हात लावू देत नसत. तेव्हां सारी मदार एका डोसावर आली. डोस म्हणजे दहा मिनिटांचे काम. दहा मिनिटे मास्क तोंडावर राहिला तर फत्ते, नाही तर नामुष्की.

परंतु युवराजांस मास्क मंजूर नव्हता. गोष्टी सांगितल्या, मानिल्या नाहीत. कार्टून लाविले, पाहिले नाही. मग सकाळच्या डोसास जो तह झाला होता तोच पुन्हा करणे भाग पडले. बाईसाहेबांचे मोबाइलात एक खेळ होता. त्यात हवेत लटकते मनोरे आणि तुटके जिने, आणि लाल फेट्याचा एक टिचभर जासूद खलिता घेऊन माथ्याकडे निघालेला; युवराजांनी त्याचे नाव टिल्लू ठेविले होते. खेळाचा कायदा ऐसा की दोन जिने खरोखर दूर असोत, मनोरा बोटाने फिरवून ते जुळलेसे दिसले म्हणजे जुळलेच, आणि टिल्लू बेधडक पलीकडे जाई. या मनोऱ्यांवर तहाची दोन कलमे ठरली. कलम पहिले, टिल्लू चालतो तोवर मास्क तोंडावर. कलम दुसरे, टिल्लू थांबला की मास्क खाली. दुसरे कलम बाईसाहेबांनी घाईत मान्य केले आणि पुढे फार पस्तावल्या.

यंत्र सुरू जाहले, घरघर होऊन वाफ निघाली, युवराज मातोश्रींचे मांडीवर बसले, मास्क चढला, आणि टिल्लूने सव्विसावा मनोरा दोन मिनिटांत सर केला. "चालला! चालला!" ऐसे युवराज मास्कातून बोलिले आणि बाईसाहेबांस वाटले की दैव अनुकूल आहे. मग सत्ताविसावा मनोरा उभा राहिला आणि टिल्लू पहिल्या जिन्याच्या टोकाशी येऊन थबकला. पुढे पायरी नाही. बाईसाहेबांनी मनोरा डावीकडे फिरविला, तो स्प्रिंगसारखा परत आला. उजवीकडे फिरविला, तर टिल्लू घसरोन आरंभास गेला. जी कळ धरून फिरवायचे ती कळ भिंतीच्याच रंगाची, आणि एवढी बारीक की बोट ठेविले की बोटाखाली मनोराच दिसेना. करणाराने कोणाचे बोट मोजून ती केली होती, देव जाणे. बाईसाहेबांस पदवीच्या वर्षी प्रकाशशास्त्राच्या आकृत्यांत पैकीच्या पैकी गुण होते. ते गुण येथे कामी आले नाहीत.

"थांबला," ऐसे म्हणोन युवराजांनी मास्क ओढून हनुवटीखाली केला.

"थांबला नाही रे राजा, विचार करतोय!"

"विचार करताना माणूस थांबतोच," युवराज बोलिले, आणि हे बोलणे बिनतोड होते. औषधाची वाफ मोकळी होऊन खिडकीच्या पडद्याकडे जाऊ लागली. युवराज खोकले, गळ्याखालचा खळगा खोल गेला, आणि चिमट्याने ब्याण्णव दाखविले.

इतक्यात दारावरची घंटा वाजून शेजारच्या संस्थानच्या वत्सलाकाकू चंद्रोदयाची वेळ विचारावयास आल्या. वय सत्तरीचे, आवाज नगाऱ्याचा, मन लोण्याचे. दार लोटलेलेच होते. त्या आत येऊन पाहतात तो हे रणांगण. काही न विचारता त्यांनी पदर खोचला, यंत्राची नळी हाती घेतली आणि बोलिल्या, "तू त्या मेल्या जासुदाचं बघ. मास्क मी धरते."

"काकू, तो थांबला की हा धरू देत नाही."

"मग चालव की त्याला! सांग म्हणावं, जिना चढायला पाय लागतात, डोळे नाही."

"या खेळात डोळेच लागतात, काकू."

"मग खेळच उलटा आहे," ऐसा निवाडा काकूंनी दिला.

मोबाइलाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक दिवटी लुकलुकत होती. ती दाबली म्हणजे इशारा मिळतो, ऐसा करार. परंतु इशाऱ्याआधी अर्धे मिनिट जाहिरात पाहावी लागे. बाईसाहेबांनी दिवटी दाबली. तोच एक बाई साबणाचा फेस उडवीत ऐसी किंचाळली की युवराज दचकोन रडू लागले, आणि ती बाई थांबेना, आणि मुलाचा श्वास थांबून थांबून येऊ लागला, आणि बाईसाहेब मनाशी तीस, एकोणतीस, अठ्ठावीस मोजीत राहिल्या. एरवी अर्धे मिनिट म्हणजे काय! त्या दिवशी अर्धे मिनिट म्हणजे वीस श्वास. शेवटी मोहरीएवढी फुली उगवली, ती दाबू जाता बोट शेजारी पडले आणि साबणाचे दुकान उघडले. दुकान बंद करून परत आल्या तो इशारा लिहिलेला: "नीट पाहा."

"नीट पाहा?" बाईसाहेब बोलिल्या. "सकाळपासून दुसरं काय करतेय मी?"

दुसऱ्या दिवटीस दुसऱ्याच कोणा खेळाची जाहिरात आली. त्यात एक राजा पाण्यात बुडतो आहे आणि खेळणारा मुद्दाम चुकीची कळ ओढतो आहे. काकू तावातावाने बोलिल्या, "अरे डावीकडची ओढ, गाढवा! बुडाला ना तो!" आणि त्या गडबडीत नळी त्यांचे हातून निसटली आणि मांडीवरची औषधाची वाटी कलंडता कलंडता बाईसाहेबांनी सावरली. औषध निम्म्याहून खाली उतरले होते, आणि त्यातले छातीत किती गेले आणि खिडकीच्या पडद्याने किती घेतले, ते कोण सांगणार? इशारा आला: "जे जुळलेले दिसते ते जुळते." हा तर खेळाचा कायदाच, इशारा कसला? तिसऱ्या दिवटीने एक पांढरा हात दाखविला, तो हात बाईसाहेबांनी तीनदा करून सोडिलेली चालच पुन्हा करून दाखवू लागला, आणि वर हे की इशारा पाहताच मनोरा मुळापासोन पूर्ववत जाहला आणि टिल्लू पुन्हा तळाशी. बाईसाहेबांस वाटले की हा मोबाइल सज्ज्यातून खाली टाकावा. टाकिला नाही. मांडीवर मूल होते, हात अडकले होते, आणि उमेद म्हणावी तर तेवढीच एक उरली होती.

"आण इकडे," म्हणोन काकूंनी मोबाइल घेतला आणि मनोरा फिरविण्याऐवजी मोबाइलच उलटा धरिला. तेव्हां चित्रही आपोआप उलटले आणि मनोरा जैसा होता तैसा सरळ उभा. काकूंनी पुन्हा फिरविला, मनोरा पुन्हा सरळ. "निगरगट्ट आहे गं," काकू बोलिल्या आणि मोबाइल परत दिला. हे पाहून युवराज रडता रडता किंचित हसले, त्या हसण्यासरशी मोठी खोकल्याची उबळ आली आणि ओठांचे कडेस निळसर छटा आहे की खिडकीच्या पडद्याची सावली आहे, हे बाईसाहेबांस कळेना. त्यांनी पडदा सारिला. ओठ गुलाबी होते. परंतु ज्या क्षणी कळत नव्हते त्या एका क्षणात रुग्णालयाची पिशवी कोठे आहे, रिक्षा कोठे मिळेल, जिना उतरताना मुलास कोणत्या खांद्यावर घ्यावे, हे सर्व त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकिले.

मग शेवटचे म्हणोन चौथी दिवटी दाबली. जाहिरात कशाची होती ते त्यांनी पाहिलेच नाही, मुलाकडे पाहत राहिल्या. इशारे मराठीत कोणा परमुलुखीच्या यंत्राने उतरविले असावेत, कारण चौथा इशारा ऐसा आला, आणि तो बाईसाहेबांनी मोठ्याने वाचिला: "मनोऱ्याच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवा. तो आपोआप वळेल."

"मनोऱ्याला पाठ कुठली?" काकूंनी पुसिले.

बाईसाहेबांनीही तेच मनात आणिले. मागील बाजू म्हणत असतील, म्हणोन त्या पडद्यावर बोट फिरवू लागल्या; मनोरा ढिम्म. मग अगदीच बुद्धी चालेनाशी होऊन त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि त्याच्या पाठीवरून, मुलाच्या पाठीवरून फिरवावा तैसा, हळूहळू हात फिरवू लागल्या. काकू आ वासोन पाहत राहिल्या आणि बोलिल्या, "अगं हर्षदे, भौतिकशास्त्र शिकलीस ना तू?"

युवराजही पाहत होते. पाहता पाहता त्यांचे नाक फुरफुरले आणि ते बोलिले, "आई, त्याच्या नको. माझ्या फिरव."

आणि आज्ञेची वाट न पाहता ते मांडीवर वळले, मातोश्रींचे खांद्यावर गाल टेकिला आणि पाठ दिली. बाईसाहेबांनी मोबाइल गादीवर ठेविला आणि पाठीवरून हात फिरविला. सदऱ्याखाली ती पाठ तापल्या तव्यासारखी नव्हे, भिजल्या पाखरासारखी धडधडत होती. वरून खाली, पुन्हा वरून खाली. काकूंनी बाजूने मास्क आणोन हलकेच नाकातोंडास लाविला, आणि युवराजांनी तो काढिला नाही.

बाईसाहेब फसवणूक करणाऱ्या नव्हेत. तह मोडला हे त्यांस ठाऊक, म्हणोन त्या कानाशी बोलिल्या, "बाळा, टिल्लू थांबलेलाच आहे हं."

युवराज मास्कातून बोलिले, "थांबू दे. त्याला पण दम लागलाय."

यावर काकूंनी तोंड फिरविले आणि पदर डोळ्यांस लाविला, आणि बाईसाहेब हात फिरवीत राहिल्या. यंत्राची घरघर चालली, वाफ मास्कात भरून आत जाऊ लागली, आणि श्वास बेचाळिसाचे अडतीस, अडतिसाचे चौतीस ऐसे बाईसाहेब हातानेच मोजीत गेल्या, घड्याळ पाहिले नाही. गादीवरच्या मोबाइलाने दोनदा "आणखी एक इशारा हवा का?" ऐसे पुसिले, कोणी उत्तर दिले नाही तेव्हां तोही विझला. मग वाटी फुसफुसली, औषध सरले. काकूंनी बोटास चिमटा लाविला. चिमटा आधी नुसत्या रेघा रेघा दाखवू लागला, आणि त्या रेघा पाहताना दोघी बायका श्वास घ्यावयाच्या विसरल्या. मग चौऱ्याण्णव. मग पंच्याण्णव. मग शहाण्णव, आणि तेथे ठरला. वैद्यराजांस कळविले, ते बोलिले, "उत्तम. घरीच राहा. संध्याकाळी पुन्हा कळवा."

"झोपला गं," काकू हळू बोलिल्या, आणि त्यांचा नगारा एवढा हळू वाजतो हे राज्यात प्रथमच कळले. "आता थांबव हात, दुखेल."

"थांबवते, काकू," बाईसाहेब बोलिल्या. आणि हात चालूच राहिला.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. सत्ताविसावा मनोरा हाती लागला नाही, जासूद जिन्यावरच राहिला, खलित्यात काय होते ते कोणास कळले नाही. इशारे घेतले चार. तीन वाया गेले, चौथा भलत्याच मनोऱ्यास लागू पडला. लिहिणाराचे लिहिणे येथवर. वाचणाराचे घरी सर्वांचा श्वास सुखरूप असो.