एक नंबर ॲप

साबणाने माखलेल्या हातात फोन.

"दिवसाढवळ्या तारे कुठून देऊ रे तुला?"

जिन्यात टाचांचा आवाज, अजून दोन मजले खाली.

"पाचवा नंबर? आपल्या घराण्यात?"

१.८.

या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही सुखी माणूस आहात. ॲपवाल्याला तो संबंध एका दुपारीत कळला, तोही टॉवेलवर उभा असताना.

ॲपवाला म्हणजे नोकरी सोडून घरी ॲप बनवत बसलेला एक जावई, भाचा आणि नवरा. त्याच्या ॲपचं नाव 'झारी'. कोणत्या कुंडीला कधी पाणी घालायचं, याची ते आठवण करून देई. ॲप फुकट होतं आणि कमाईही त्याला साजेशीच होती! पण आज एका मोठ्या रोपवाटिकेच्या मालकीणबाई घरी येणार होत्या. त्यांना पटलं, तर 'झारी'त दरमहा त्यांची जाहिरात. नाही पटलं, तर संध्याकाळच्या आत जुन्या साहेबांना कळवायचं, की उद्यापासून येतो. साहेबांनी त्याची खुर्ची अजून कुणाला दिली नव्हती. उलट ती आपल्या केबिनच्या दारासमोर आणून ठेवली होती.

"मार्केटिंग मार्केटिंग म्हणजे तरी काय गं?" तो बायकोला म्हणाला. "एक वाक्य! बरोबर माणसांना, बरोबर वेळी! बघच आता."

"बघते," बायको लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली.

त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर वाक्य सोडलं. 'आज मोठी पार्टी येतेय. सगळ्यांनी झारी डाउनलोड करा आणि आपलं ॲप एक नंबर आहे, हे जगाला दाखवून द्या!'

आणि शीळ घालत आंघोळीला गेला.

ॲपचं रेटिंग पाचपैकी ४.४ होतं तेव्हा.

अंगाला साबण लावता लावता त्याने कोनाड्यातल्या फोनकडे एक नजर टाकली. ३.६! त्याने डोळे धुतले. ३.१! बिघाड असणार. त्याने शेरे उघडले.

'फार गुणी मुलगा. लहानपणापासून शांत.' एक तारा.

'आमचा भाचा आहे. अभिमान वाटतो!' एक तारा.

'एक नंबर!!!' एक तारा.

ॲपवाल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तारे मात्र एकाच्या वर चमकेनात.

त्याने मामांना फोन लावला. मामा म्हणजे कॉलनीचे बिनखात्याचे मंत्री. ते शिंकले तरी चार बिल्डिंगांतून 'काळजी घ्या' येई.

"अभिनंदन रे बाळा!" मामा गरजले. "दाखवून दिलं की नाही जगाला?"

"मामा, तुम्ही एकच तारा दिलात!"

"मग? पाच होते ओळीत, त्यातला पहिला दाबला. एक नंबर म्हणजे एक नंबर!"

"पाच द्यायचे असतात हो, पाच!"

मामांचा आवाज एकदम खाली आला.

"पाचवा नंबर? आपल्या घराण्यात? अरे, चौथीत दुसरा आलास तर दोन दिवस जेवला नव्हतास तू! आत्मविश्वास गेलाय तुझा. थांब, मी बघतो काय करायचं ते."

"मामा, काही बघू नका! मामा!"

फोन बंद. २.७.

तेवढ्यात मावशीचा फोन. "झालं का रे काम?"

"मावशी, तू तरी ऐक. तारे वाढव!"

"दिवसाढवळ्या तारे कुठून देऊ रे तुला?"

"फोनमधले गं! अजून चार दे!"

"एवढंच ना! तुझे काका, सून, खालच्या दोघी. झाले चार. लावते कामाला!"

२.३.

आता तो टॉवेलवर दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता, कानाला साबण तसाच. मामांनी 'पोराची हिंमत खचली आहे, धावून या' असा संदेश सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना, निवृत्तांच्या संघाला आणि दातांच्या डॉक्टरांना धाडला होता. मंडळी धावून आली होती.

"कपडे घाल," बायको म्हणाली. "जिन्यात कुणीतरी आहे."

त्याने शर्ट चढवला, बटणं एक घर चुकवून लावली आणि दार उघडलं. मालकीणबाई आत आल्या. बसल्या. पर्समधून फोन काढला. पाणीही न घेता स्क्रीनकडे बघत राहिल्या.

१.८.

"काल तर चांगलं दिसत होतं," त्या म्हणाल्या.

ॲपवाल्याने सगळं सांगितलं. एक नंबर, पहिला तारा, घराणं, चौथी इयत्ता, दातांचे डॉक्टर. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"म्हणजे हे एवढे लोक," त्यांनी अखेर विचारलं, "एका माणसाच्या सांगण्यावरून आले? एका दुपारीत?"

"हो, पण ते चुकून..."

"चुकून एवढे, तर ठरवून किती येतील?" बाई सावरून बसल्या. "आमची माणसं वर्षभर पत्रकं वाटतात, कुणी ढुंकून बघत नाही. मला नंबर द्या."

ॲपवाल्याला हुंदका आवरेना. "बाई, 'झारी' तुमचा विश्वास सार्थ..."

"झारीचा नाही हो. मामांचा!"

मामांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला आणि जाहिरातीचं काम लगेच स्वीकारलं. मानधनाचं विचारताच म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. फक्त आमचं नाव एक नंबरला पाहिजे!"

बाई गेल्यावर ॲपवाल्याने बटणं नीट लावली आणि साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "ये, ये. ॲप बघितलं तुझं. एक नंबर! तारासुद्धा दिला."

'झारी'ला सगळ्यात पहिला एक तारा गेल्या महिन्यात बायकोने दिला होता, आठवडाभर ॲप वापरून, विचारपूर्वक.