सँट्रीतल्या मोझॅकची रीतसर चौकशी

२०१८च्या जुलैमध्ये डब्लिनच्या सँट्री भागात सोयाबीनच्या एका रोपाला मोझॅक हा विषाणूजन्य रोग झाला. रोप पुरुषोत्तम वानखडे यांचे. वाशीमहून मुलीकडे राहायला आलेले हे निवृत्त कृषी सहायक. त्या वर्षी आयर्लंडमध्ये कधी नव्हे तो कडक उन्हाळा पडला, म्हणून त्यांनी गॅलरीत पाच कुंड्या लावल्या आणि हौसेने आठ शेजाऱ्यांनाही एकेक रोप दिले.

पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसताच त्यांनी ते रोप मुळासकट उपटून पिशवीत बांधले. इथपर्यंत ठीक होते. मग त्यांनी इमारतीच्या व्यवस्थापनाला प्रामाणिकपणे कळवले.

व्यवस्थापक डेक्लन फॉर्म घेऊन आले. झाडांच्या रोगाला रकाना नव्हता, म्हणून विषाणूची नोंद 'विनापरवाना राहणारी व्यक्ती' अशी झाली.

"तो किती दिवस राहणार?" डेक्लननी विचारले. मुलीने, चित्राने, वडिलांना मराठीत सांगितले.

"तो स्वतः कुठं जात नाही," पुरुषोत्तमराव म्हणाले. "रोगट बियाण्यातून येतो. नाहीतर मावा नावाची कीड एका पानाचा रस शोषून दुसऱ्यावर बसते, तिच्याबरोबर जातो."

डेक्लननी लिहिले : 'पाहुण्यांची ये-जा आहे.'

तपासणी पथक नेमले गेले. पिवळीधमक जाकिटे घालून ते फ्लॅटमागून फ्लॅट पाने चाचपू लागले.

"बाबा म्हणतात, मावा पिवळ्या रंगावर येतो," चित्रा म्हणाली. "तुमच्या जाकिटांवर बसून तो घरोघर फिरतोय."

"जाकिटाशिवाय तपासणी धोक्याची असते," डेक्लन म्हणाले.

पहिल्या आठवड्यात एक रोप आजारी होते, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात शेजाऱ्यांची आठही. पथक खूश झाले. तपासणीमुळेच इतके रोगी सापडले, सबब ती रोज व्हावी, असा अहवाल आला. उगमही सापडला : रोगाची माहिती सर्वांत आधी ज्याला होती, तो रहिवासी. पुरुषोत्तमरावांच्या चार निरोगी कुंड्या जप्त झाल्या.

सप्टेंबरमध्ये डेक्लन शेवटच्या फेरीला आले. "काही रोग?"

उरलेल्या बियाण्यातून स्वयंपाकघरात लपवून वाढवलेल्या एकुलत्या रोपाची पाने त्याच सकाळी चट्टे पडून मुडपली होती. तीस वर्षे प्रत्येक डाग वहीत टिपणारे पुरुषोत्तमराव दारात आडवे उभे राहिले आणि 'सगळे ठीक' म्हणायला आयरिश लोक ऊठसूट वापरतात तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा बोलले : "ग्रँड."

इमारत रोगमुक्त जाहीर झाली.

त्यांचे वागणे तुम्हाला पटले नसेल, तर तुमच्या खिडकीतल्या कुंडीची खरी हकीकत अवश्य कळवा. फॉर्म डेक्लनकडे मिळतो.