जिल्हा होऊ घातलेल्या तालुक्याचे गाल

जिल्हा होण्यासाठी तालुक्याला पुरेशी लोकसंख्या लागते, सरकारी जमीन लागते आणि एक चेहरा लागतो. पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडे केव्हापासूनच आहेत. (लातूर आम्हाला नांदेडकडचे समजते आणि नांदेड लातूरकडचे, तेव्हा स्वतंत्र जिल्हा हाच शास्त्रीय उपाय आहे.) चेहरा संगप्पाशेट यांचा. ते भुसार मालाचे व्यापारी आणि जिल्हा निर्मिती कृती समितीचे संस्थापक अध्यक्ष. मी समितीचा प्रसिद्धीप्रमुख आहे, त्यामुळे पुढील मजकूर अर्थातच निःपक्षपाती आहे.

आंदोलनाच्या पहिल्या वर्षी शेटजींचा एक फोटो काढला होता. भरलेले गाल, जोडलेले हात, नजर मंत्रालयाच्या दिशेला. तोच फोटो आजतागायत प्रत्येक फ्लेक्सवर आहे. मग तो वाढदिवस असो, निषेध असो की दहावीच्या गुणवंतांचे अभिनंदन. फ्लेक्सवर माणसाचे वय वाढत नाही, हा आमच्याकडचा सर्वपक्षीय नियम आहे. शेटजी मात्र फ्लेक्सच्या बाहेर राहत असल्याने पंधरा-सोळा वर्षांत त्यांच्या दाढा पडल्या आणि गाल खप्पड झाले. शिष्टमंडळ मुंबईला गेले तेव्हा निवेदनावरचा फोटो पाहून मंत्रालयातल्या कारकुनाने शेटजींनाच विचारले, "आणि चिरंजीव नाही आले?"

समितीची तातडीची बैठक झाली. फोटो बदलावा, अशी एक सूचना आली. (ती मांडणारे गुंडप्पा अजून समितीत आहेत, पण बोलत नाहीत.) जनतेला त्या चेहऱ्याची सवय आहे, सवय मोडली की मागणी थंडावते. सबब फोटो आहे तसा ठेवून चेहरा दुरुस्त करावा, असा ठराव एकमताने झाला.

नांदेडला ही सोय आहे. कापाकापी नाही, टाके नाहीत, अॅडमिट होणे नाही. सुईने गालात जेलीसारखा पदार्थ सोडतात; तो आजूबाजूचे पाणी ओढून घेतो आणि धरून ठेवतो. पाणी अडवण्याची आमच्या तालुक्यात यशस्वी झालेली ही पहिलीच योजना. शेटजी एसटीतून उतरून बसस्टँडवरच्या फ्लेक्सखाली उभे राहिले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात कार्यकारिणीनेही एकजुटीचे दर्शन घडवले. खजिनदारांनी फक्त डावा गाल भरून घेतला, कारण त्यांचा फोटो एका बाजूने काढलेला आहे.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. लातूरला रेल्वेने पाणी येत होते, आणि आमच्या विहिरींत पोरं क्रिकेट खेळायची तेवढी बाकी होती. अशात दिल्लीहून दुष्काळाचे पाहणी पथक येणार असे कळले. पथकाला पुढे माहूरला देवीच्या दर्शनाला जायचे असल्याने शिवारात फिरायला वेळ नव्हता. म्हणून दुष्काळ विश्रामगृहातच दाखवायचे ठरले. पहिल्या रांगेत फेटे बांधलेली कार्यकारिणी, तिच्या मागे आंदोलनाच्या पहिल्या वर्षीचा मूळ फ्लेक्स (तारखेसकट), आणि जनता व्हरांड्यात.

जनतेतून भीमनगर वस्तीच्या भामाबाई रिकामी घागर घेऊन पुढे आल्या. "सायब, आमच्या वस्तीवर चार दिसाला एक टँकर येतो. लई न्हाई मागत, तेवढा चालू ठिवा. हिरीत घोटभर पाणी न्हाई."

पथकाच्या प्रमुख साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी शेटजींकडे पाहिले, फ्लेक्सकडे पाहिले, फ्लेक्सवरच्या तारखेकडे पाहिले आणि पुन्हा शेटजींकडे पाहिले. "इतने साल में कोई फर्क नहीं?"

"बिल्कुल नहीं, साहेब!" शेटजी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणा मोठ्या माणसाने त्यांना ओळखले होते. चूक ध्यानात आली तशी त्यांनी डोळ्यांत पाणी आणले, तेही अगदी मनापासून. पण दोनच दिवसांपूर्वी गालांना शेवटचा हात फिरला होता, त्यामुळे ते टम्म सुजले होते आणि हलायला तयार नव्हते. लांबून पाहणाऱ्याला ते आनंदाश्रू वाटले.

अहवाल वेळेत आला, हे प्रशासनाच्या कार्यक्षमतेचे लक्षण आहे. 'वारंवार अवर्षण होऊनही नागरिकांच्या प्रकृतीवर प्रतिकूल परिणाम आढळला नाही.' तालुका दुष्काळग्रस्तांच्या यादीतून वगळला गेला आणि भीमनगरचा टँकर बंद झाला.

भामाबाई दुकानावर आल्या. "शेटजी, त्या दिसी तुमी तोंड घरी ठिवून आला असता तर बरं झालं असतं."

शेटजींना फार वाईट वाटले. चेहऱ्यावर दिसले नाही, एवढेच. त्यांनी त्याच संध्याकाळी बैठक बोलावली. भरलेले गाल उतरवण्याचेही इंजेक्शन असते, ते मी उद्याच घेतो, पथकाला परत बोलवा, असे ते म्हणाले. पण नव्या जिल्ह्यांसाठी मुंबईहून येणारे दुसरे पथक त्याच महिन्यात यायचे होते, आणि त्यांच्यापुढे फोटोतलाच चेहरा लागणार होता. समितीने विचारांती गाल कायम ठेवले. शेटजींनी सही केली.

निर्णय भामाबाईंना कळवण्याचे काम प्रसिद्धीप्रमुख म्हणून माझ्याकडे आले. मी म्हणालो, "थोडं थांबा. जिल्हा झाला की कलेक्टर इथंच बसतील."

"मग त्याला काय घागरीत भरून नेऊ?" त्या म्हणाल्या आणि गेल्या. दोन कोसांवरच्या झऱ्याला ऊन चढायच्या आत पोचायचे होते त्यांना.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी तालुक्यातल्या काही सुशिक्षित मंडळींना वाचायला दिला. सगळे पोट धरून हसले, आणि नंतर प्रत्येकाने मला बाजूला घेऊन हळूच एकच प्रश्न विचारला. तो तुमच्याही मनात असणार, संकोच नको. दवाखाना नांदेडला स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर आहे, फारसे दुखत नाही, रविवारी बंद असतो. भीमनगरच्या टँकरचे पुढे काय झाले हे अजून कोणी विचारलेले नाही, त्यामुळे त्याचे उत्तर मी तयार केलेले नाही.