‘रूळ टाका’ची सुधारित आवृत्ती

कोणतीही वस्तू तयार करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण चाळीसपट वेळ ती कशी असायला हवी होती हे सांगण्यात जातो. हे प्रमाण मी एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत स्वतः मोजलेलं आहे. (मोजायला वेळ होता.) आमच्या खात्यात अभिप्राय कक्ष नावाची एक खोली होती, खोलीत एक टेबल होतं आणि टेबलामागे मी. लोक लेखी सूचना आणून देत आणि मी त्यांवर आवक क्रमांक टाकत असे. एकूण अठ्ठावीस हजार सूचना आल्या. त्यांपैकी एकीवरही कुणी कधी काही केलं नाही, हे शल्य उराशी घेऊन मी निवृत्त झालो.

त्यामुळे माझ्या भाचीने अकरा दिवसांत आगगाडीचा एक गेम तयार केला आहे आणि लोक त्यावर धडाधड अभिप्राय पाठवताहेत, असं ताईने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर, शाईचा पॅड आणि तारखेचा शिक्का घेऊन मी त्यांच्या घरी दाखल झालो. भाची स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी तिला म्हटलं, आता तू काळजी करू नकोस. तिने काळजी करायला त्याच क्षणी सुरुवात केली असावी, असं ताईचं म्हणणं आहे; पण ते नोंदीत नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी होती. भाची सहा वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासत होती. शहरातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं होतं की, ज्याच्या गेमला महिनाअखेर खेळणाऱ्यांकडून पाचपैकी चार तारे पडतील, त्याला कंपनी नोकरी देईल. भाचीने विमा कंपनीतून एक महिना बिनपगारी रजा घेतली. साहेब चांगले होते. ते म्हणाले, जमलं तर उत्तमच, नाही जमलं तर तुझी खुर्ची आहेच. या दुसऱ्या वाक्याने तिची झोप उडाली होती.

गेमचं नाव ‘रूळ टाका’. हिरवं माळरान, त्यावर पाच गावं, मध्ये एक डोंगर. आपण बोटाने रूळ टाकायचे, पूल बांधायचे, बोगदा खणायचा. रूळ मोजकेच, त्यामुळे आधी कुठलं गाव जोडायचं याला डोकं लागायचं. गाडी आली की फलाटावरची चिमुकली माणसं हातातली पिशवी उंच करायची. वेळ कमी असल्यामुळे भाचीने एकच माणूस काढून त्याच्या चारशे प्रती केल्या होत्या आणि तो माणूस म्हणजे ताई होती. भाजी निवडून झाली की ताई रोज अर्धा तास खेळायची आणि स्वतःलाच या गावाहून त्या गावाला नेऊन सोडायची.

दोष एकच होता. गाडी अधूनमधून बोगद्यात शिरायची आणि बाहेर यायची नाही. भाचीला तो ठाऊक होता. दुरुस्तीला दोन दिवस लागतील, असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या दिवशी गेमला तीन पूर्णांक नऊ तारे होते आणि महिना संपायला एकोणीस दिवस होते.

मी आलेले सगळे अभिप्राय रजिस्टरमध्ये उतरवून पाहिले. दोनशे चौदा अभिप्रायांत बोगद्याचं नाव कुणीही काढलेलं नव्हतं. (ज्यांची गाडी बोगद्यात अडकली होती, ते बहुधा अजून वाट पाहत होते.) लेखी तक्रार नसलेल्या दोषाची दुरुस्ती ही अनियमितता ठरते, हे मी तिला समजावलं. ताई म्हणाली, मी सांगते ना, माझी गाडी दोनदा अडकली. तिला म्हटलं, ताई, तू तोंडी सांगते आहेस.

त्यानंतर मी कार्यपद्धती आखून दिली. ती फ्रिजवर चिकटवली. आलेल्या प्रत्येक अभिप्रायावर कार्यवाही होईल. ती आलेल्या क्रमानेच होईल. दोन अभिप्राय एकमेकांच्या विरुद्ध असतील, तर दोघांचंही समाधान केलं जाईल. गेम बनवणाऱ्या व्यक्तीस अभिप्राय देण्याचा अधिकार राहणार नाही, कारण तिचा त्यात हितसंबंध आहे.

पहिली अडचण छाननीतच आली. दोनशे चौदांपैकी एकशे एकतीस जणांनी नुसतंच ‘छान’, ‘मस्त’, ‘मजा आली’ असं लिहिलं होतं. अशा कागदावर कार्यवाही काय करणार? मी ते सगळे अपूर्ण ठरवून पाठवणाऱ्यांना परत केले. सोबत पत्र जोडलं: ‘आपल्या अभिप्रायात तक्रार आढळून येत नाही. तरी आठ दिवसांच्या आत तक्रारीसह फेरसादर करावा.’ पत्रांचा मजकूर भाचीनेच टाइप केला. टाइप करताना ती एकदा थांबली आणि म्हणाली, “मामा, या लोकांना गाडी आवडली होती.”

तिला म्हटलं, आवडली होती म्हणूनच ते मदत करतील. तसंच झालं. चार दिवसांत सत्त्याण्णव फेरसादर अभिप्राय आले. ‘आधी लक्षात आलं नव्हतं, पण विचारलंत म्हणून सांगतो, झाडं फार हिरवी आहेत.’ ‘माझी काही तक्रार नाही, माझ्या नवऱ्याच्या सात आहेत, सोबत जोडल्या आहेत.’ एकाने कळवलं की, त्याच्या आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याचं मत मागितलं आहे, तेव्हा त्याला विचार करायला मुदतवाढ मिळावी. ती दिली. फक्त एका दंतवैद्य बाईंनी तिन्ही वेळा ‘छान’ हाच शेरा पाठवला आणि तिसऱ्या वेळी खाली ‘एकदा सांगितलं ना’ असं लिहिलं. त्यांचं प्रकरण आजही प्रलंबित आहे.

आता आकडेवारी. गाडी फार हळू धावते असं म्हणणारे एक्केचाळीस. फार जोरात धावते असं म्हणणारे एकोणचाळीस. जाताना हळू आणि येताना जोरात धावते असं म्हणणारा एक. (त्याच्या फोनची तपासणी सुचवली.) रूळ मोजके असल्यामुळे चिडचिड होते: त्रेपन्न. रूळ भरपूर असल्यामुळे मजा जाते: बावन्न. यांतले अकरा जण दोन्ही याद्यांत होते.

रुळांचा प्रश्न सोपा होता. रूळ भरपूर ठेवले, पण प्रत्येक रुळासाठी अर्ज करायचा आणि मंजुरीला आठ दिवस थांबायचं, अशी सोय केली. भाचीने कपाळाला हात लावला. पण लोकांनी ती कल्पना डोक्यावर घेतली. अर्ज भरायला मजा येते, असं चौसष्ट जणांनी कळवलं आणि तारे चारवर जाऊन पोचले.

खरं म्हणजे मी तिथेच थांबायला हवं होतं, असं ताईला वाटतं. भाचीलाही वाटलं. ती म्हणाली, मामा, चार झाले, आता मला फक्त बोगदा करू द्या. पण रजिस्टरमध्ये अजून एकशे सहासष्ट नोंदी शिल्लक होत्या आणि माझ्यामागे अठ्ठावीस हजार सूचनांचं ओझं होतं. शिवाय तारे चढत होते, हे तिलाही दिसत होतं. चढता आकडा पाहिला की माणसाचा हात आपोआप कामाला लागतो. तिचाही लागला.

वेगाच्या वादात दोन्ही बाजूंचं समाधान करायचं होतं. त्यासाठी मतदान ठेवलं आणि निकाल लागेपर्यंत गाडी उभी केली. निकाल समसमान लागला. (त्या एकाने दोन्हीकडे मत दिलं.) उभी गाडी नजरेला खुपते, असे सदतीस अभिप्राय आले, म्हणून ती शेडमध्ये नेली आणि शेडचं दार लावून घेतलं. तारे चार पूर्णांक दोन.

गाडी शेडमध्ये म्हटल्यावर रूळ कशाला, असा बिनतोड प्रश्न एका निवृत्त भूमापकाने विचारला. रूळ काढले. फलाटावरची माणसं गाडीची वाट पाहत उभी असलेली बघून पोटात तुटतं, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. भाचीने चारशेच्या चारशे ताया एकेक करून घरी पाठवल्या. एका फटक्यात पुसता आल्या असत्या, पण तिने तसं केलं नाही, आणि त्यात तिचा एक अख्खा दिवस गेला. ताई शेजारी बसून बघत होती. संध्याकाळी शेवटची प्रत पिशवी घेऊन गेली, तेव्हा ताई उठली आणि तिने माझ्यासमोरचा चहाचा कप मी अर्धा प्यालेला असताना उचलून नेला.

माणसं गेल्यावर गावं रिकामी दिसू लागली, म्हणून तीही काढली. मग डोंगर उगाच मध्ये येत होता. डोंगराबरोबर बोगदा आपोआप गेला, आणि अशा रीतीने तो दोषही कार्यपद्धतीच्या चौकटीत राहून दूर झाला, हे मी भाचीच्या निदर्शनास आणून दिलं. उरलं माळरान. ते फार हिरवं असल्याचा अभिप्राय क्रमवारीत होताच. ते पांढरं केलं.

महिनाअखेरीस ‘रूळ टाका’ची एकोणिसावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एक पांढरा पडदा होता आणि खाली अभिप्राय लिहिण्याची चौकट. लोक तिथे सकाळी येत आणि दुपारच्या जेवणापर्यंत लिहीत बसत. एकमेकांच्या अभिप्रायांवर अभिप्राय देत, त्यांवर हरकती घेत. एका गृहस्थाने लिहिलं की, आगगाडीचा इतका चांगला गेम त्याने आजवर पाहिलेला नाही. चार पूर्णांक आठ तारे. उरलेल्या शून्य पूर्णांक दोन ताऱ्यांना दंतवैद्य बाई जबाबदार असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

ठरल्याप्रमाणे कंपनीने भाचीला बोलावलं. सोबत मी होतो. (रजिस्टरं जड होती.) तिथल्या मुख्य बाईंनी पांढरा पडदा बराच वेळ न्याहाळला. मागे करून पाहिला, पुढे करून पाहिला. मग चष्मा काढून भाचीला विचारलं, “यात तुम्ही नेमकं काय केलंय?”

भाची म्हणाली, “मी गाडी केली होती. ती आता यात नाहीये.”

ती सारवासारव करू शकली असती. मी तिला टेबलाखालून पायाने खुणावलंही. पण ती तेवढंच बोलली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाईंनी मग विचारलं, बाकीचं कुणी केलं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी तिन्ही रजिस्टरं चाळली, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की, गेम बनवणारे रस्त्यावर पायलीला पन्नास मिळतात, अशी कार्यपद्धती बसवणारा माणूस त्या चार वर्षं शोधत होत्या.

खुर्ची एकच होती. घरातली खुर्ची घरात राहावी म्हणून मी ती स्वीकारली. भाचीने माझं अभिनंदन केलं, आणि ते मनापासून होतं, हे सांगताना मला आजही जरा अवघडल्यासारखं होतं. ती पहिल्या तारखेला विमा कंपनीत परत गेली. साहेबांनी खुर्ची पुसून ठेवली होती. मला वाईट वाटलं. ताईला मी तसं सांगितलंही, पण ती म्हणाली, “तोंडी सांगू नकोस, लेखी दे.”

ताई माझ्याशी तेव्हापासून जेवढ्यास तेवढंच बोलते. तिच्या फोनवर मात्र पहिली आवृत्ती अजून आहे, कारण तिने कुठलाच बदल कधी उतरवून घेतला नाही. भाजी निवडून झाली की ती खेळते. तिची गाडी बोगद्यात अडकते आणि ती फोन उपडा ठेवून कपडे वाळत घालायला जाते.

गेल्या महिन्यात एका पॉलिसीच्या कामाने मी भाचीच्या ऑफिसात गेलो. जेवणाची सुट्टी होती. ती डबा बाजूला सारून वहीएवढ्या लॅपटॉपवर काहीतरी करत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला अकरा दिवसांचं ते जुनं तेज दिसलं. मी हळूच मागून डोकावलो. एक नदी होती. नदीत एक होडी, होडीत वल्हं घेतलेला एक माणूस. होडी या काठावरून त्या काठाला जात होती. पोचली की तो माणूस वल्हं आडवं ठेवून जरा बसायचा. बस, एवढंच. मी दोन मिनिटं तिथे उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला तिसरं मिनिटही उभं राहावंसं वाटलं.

तिला चाहूल लागली. तिने पडद्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, “मामा, हे मी कुणाला दाखवणार नाहीये. याला अभिप्राय नकोय.”

मी शब्द दिला, आणि आजवर पाळला आहे. मी तिला एका अक्षराने काही सुचवलेलं नाही. पण होडी नुसतीच या काठावरून त्या काठाला जाते, हे वाचताना तुमच्या मनात आलंच, की यात गंमत ती काय? निदान नदीला जरा ओढ तरी हवी होती. तुमचं म्हणणं रास्त आहे. आवक क्रमांक एकवर त्याची नोंद घेतली आहे आणि कार्यवाही सोमवारपासून सुरू होईल.