मार्कसच्या बादलीची तोटी

ग्लेन परेराने घरी केलेल्या बीअरचा पहिला घोट घेऊन डॉली "वा!" म्हणाली आणि तिथेच तिच्या नवऱ्याचं, म्हणजे मार्कस तुस्कानोचं, डोकं फिरलं.

तसं बघायला गेलं तर एक 'वा' म्हणजे काय मोठं? पण ज्याच्या बायकोने लग्नापासून आजतागायत त्याच्या कुठल्याही पराक्रमाला 'बरंय'च्या वर मार्क दिले नाहीत, त्याला विचारा. मार्कसला प्रमोशन मिळालं तेव्हा 'बरंय'. इथे आखातात, अदलियाच्या गल्लीत, दोन गाड्यांच्या मधे त्याने एका दमात गाडी घुसवली तेव्हा 'बरंय, आता उतरू कुठून?' आणि ह्या ग्लेनला 'वा'! नंदाखालच्या ग्लेनला! (मार्कस गासचा. वसईबाहेरच्या माणसाला ह्यात जळण्यासारखं काय आहे ते कळणार नाही आणि वसईतल्याला सांगावं लागणार नाही.) दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्या हलवणारा माणूस घरी येऊन बीअर काय करतो, आणि आपली बायको ती पिऊन 'वा' काय म्हणते!

"मीपण करणार," हूरा भागातल्या आपल्या घरी पोचेपर्यंत मार्कसने जाहीर करून टाकलं.

"काय करणार?"

"बीअर."

"तू अंडं उकडतोस तेव्हा पातेलं करपतं, मार्कस."

झालं! आता तर करणं भागच होतं. सामान कुठून जमवलं ते विचारू नका. (घरची बीअर हा इथे गॅलरीत उभं राहून ओरडण्याचा विषय नाही, तेव्हा आपणही जरा हळूच बोलू.) माल्ट आलं, हॉप्सची सुकी फुलं आली, यीस्ट आलं आणि तळाला तोटी असलेली एक मोठी पांढरी बादली आली. मार्कसने बादली नळाखाली धरली, दोनदा गरगर फिरवली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि कामाला लागला.

बीअर तयार झाली. डॉलीने घोट घेतला. मार्कस तिच्या ओठांकडे असा बघत बसला की जणू तिथे लॉटरीचा नंबर उमटणार आहे. डॉलीचा एक डोळा आपोआप मिटला.

"दात आंबले रे माझे!"

"पहिलीच आहे. जरा आंबटसर..."

"आंबटसर? ह्यात कांदा कापून घाल, कोशिंबीर होईल."

मार्कसने दुःख गिळलं आणि त्याहून कठीण गोष्ट केली. ग्लेनला फोन लावला.

"धुतली कशी होतीस?" ग्लेनने पहिला प्रश्न हाच टाकला.

"पाण्याने."

"नुसत्या पाण्याने? अरे, बीअरमध्ये सत्तर टक्के काम धुण्याचं! एक जंतू राहिला की खलास. लॅबमध्ये आम्ही..." आणि मग बराच वेळ लॅब. मार्कस 'हो हो' म्हणत फोनकडे दात विचकत होता.

धुवायचंय ना? घे! मार्कसने ब्लीचची अख्खी बाटली बादलीत ओतली. नाक झोंबलं, डोळे चुरचुरले, शेजारच्या झोहराभाभींनी दार वाजवून विचारलं, "भाईसाब, घर में कोई बीमार है क्या?" आणि ह्या वेळची बीअर?

"ही पिऊ की जखमेला लावू?" डॉलीने विचारलं.

ग्लेन फोनवर खो खो हसला. "ब्लीच नीट निघालं नाही तर औषधाचा वास येतोच रे!" तिसऱ्या वेळी मार्कसने बादली साबणाने घासली, उकळतं पाणी फिरवलं, पुन्हा उकळतं पाणी फिरवलं. हात सोलवटले. बीअर आंबट. चौथ्या वेळी झाकण, नळी, चमचा, सगळं उकळलं. बीअर आंबट! मार्कसला रडू यायचं बाकी राहिलं.

"असू दे," डॉली चक्क मायेने म्हणाली. "तू नको हात लावू. मी टाकते ती." आणि बादली बाथरूमकडे न नेता किचनमध्ये घेऊन गेली. जळणाऱ्या माणसाला सगळं दिसतं, नेमकं एवढंच दिसलं नाही.

एका शुक्रवारी (इथला सुट्टीचा वार तोच) मिस्सा आटोपून दोघं अदलियाला ग्लेनकडे जेवायला गेली. मार्कसच्या डोक्यात एकच बेत होता. हा ग्लेन काहीतरी लपवतोय, ते शोधून काढायचं. ग्लेनच्या बायकोने, लॉराने, ताटं मांडायला घेतली तसा तो पोट धरून उठला.

"जरा... आलो हं."

आणि बाथरूमचं दार सोडून थेट किचनमध्ये शिरला. सिंकशेजारी फडक्यावर ग्लेनच्या बादलीची तोटी वाळत पडली होती. पण अख्खी नाही, सुटी सुटी! नट वेगळा, रबराचं वायसर वेगळं, पितळेची कांडी वेगळी. मार्कसने कपाळावर हात मारला. तोटी उघडते? आपण तर तिला बाहेरून पुसून पापी घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती!

आनंदाने तो वळला आणि शेल्फवर त्याला एक हिरवी बाटली दिसली. बाटली त्याच्या घरची, वरच्या चिठ्ठीवर अक्षर डॉलीचं. 'मार्कसची. नेहमीसारखी आंबट.'

मार्कसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बायको आपली फसलेली बीअर इकडे आणते! आणि हे लोक ती चाखून आपल्यावर हसतात! बाटली हातात नाचवत तो जेवणाच्या टेबलावर जाऊन थडकला.

"हे काय आहे, डॉली?"

"पोट बरं आहे का?" ग्लेनने विचारलं.

"पोट गेलं खड्ड्यात! माझी इज्जत बाटलीत भरून वाटत फिरतेस?"

"इज्जत कसली? व्हिनेगर आहे ते," डॉली म्हणाली.

"काय?"

"तुझी आंबलेली बीअर मी बरणीत भरून, वर फडकं बांधून ठेवते. मस्त व्हिनेगर होतं. समोर कोळंबीचं लोणचं आहे ना, त्यातच घातलंय. बस, खा."

मार्कस बसला. खाल्लं. लोणचं खरोखर जीभ वळवळवणारं होतं, आणि त्यामुळे त्याला आणखीनच वाईट वाटलं.

"आमच्या शेजारची क्रिस्टलपण मागतेय बाटली," लॉरा म्हणाली. "नाताळच्या इंद्यालच्या रश्श्याला हेच घालायचं म्हणे. आणि आमच्या ह्यांची बीअर मेली कधी आंबतच नाही!"

ग्लेनचा चेहरा उतरला. पण मार्कसचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याला व्हिनेगरचं कौतुक नको होतं. बीअरचं 'वा' हवं होतं.

घरी आल्या आल्या त्याने पाना घेऊन तोटी खोलली. आतून जे बुळबुळीत, करडं निघालं त्याचं वर्णन जेवताना वाचणाऱ्यांसाठी गाळतो. ब्रशने घासलं, उकळलं, वाळवलं, जोडलं. आणि ह्या वेळची बीअर... ग्लासात सोनेरी उतरली, वर पांढरा फेस! मार्कसने ग्लास डॉलीसमोर ठेवला. डॉलीने घोट घेतला. मग दुसरा.

"वा!"

मार्कसचे डोळे भरून आले.

"ग्लेनने पाठवली वाटतं?"

"ग्लेनने? माझी आहे ती! माझी!"

"तुझी?" डॉलीने ग्लास खाली ठेवला. "म्हणजे आंबली नाही? अरे देवा! मी क्रिस्टलला शब्द देऊन बसलेय रे! चांगली बीअर काय, ग्लेनकडे मिळतेच. आंबट तेवढी तुझ्याकडे होती."

नाइलाजाने मार्कसने पुढची बीअर मुद्दाम आंबवायला घेतली. बादली नुसती विसळली, तोटीला हात लावला नाही. पण जे काम नको तेव्हा हमखास झालं, ते हवं तेव्हा काही होईना. बीअर झाली ती स्वच्छ, गोडसर, बिनदोष. डॉली बिचारी "बरंय" म्हणाली आणि सुस्कारा सोडून आत गेली.

नाताळ तोंडावर आला असताना बेल वाजली. दारात ग्लेन, हातात बाटली. डॉलीने बूच काढून एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"वा! ग्लेन, वा! काय व्हिनेगर झालंय!"

मार्कस भिंतीला टेकला. "कसं जमवलंस रे?" त्याने विचारलं.

"मफी मुश्किल! काही अवघड नाही!" ग्लेनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बादली अगदी तुझ्यासारखी धुतली!"